तेविसावा बंध

गुरम्माला कुणी "जरा बाजूला व्हा" म्हटलं की ती हमखास तिथंच पाय रोवून उभी राहते. स्वभावाला औषध नाही. लातूर-नांदेड रस्त्यावर, चाकूरच्या अलीकडे माळावर बसवलेल्या विद्यापीठात ती अठरा वर्षं ग्रंथालयात परिचर आहे. कुलपं उघडायची, पुस्तकं जागेवर लावायची, पोरांना गप्प करायचं, एवढंच तिचं काम कागदावर. कागदाबाहेरचं काम म्हणजे ज्याला कुणी बोलत नाही त्याला बोलायचं, आणि ते ती बिनपगारी करते.

विद्यापीठाच्या गेटातून आत आलं की डाव्या हाताला घड्याळाचा मनोरा लागतो. त्यातलं घड्याळ उद्घाटनानंतर चार महिन्यांनी जे पावणेतीनला थांबलं ते थांबलंच. समोर परीक्षा भवन, सगळं काचेचं. त्याच्या दारावर 'हरित इमारत' अशी पितळी पाटी आहे, आणि आत माणूस एप्रिलमध्ये भाजून निघतो म्हणून एसी चोवीस तास, तरी उकडतंच. खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे, दुसरं काय! दुपारी त्या भवनातले कारकून डबे काखोटीला मारून कुठं येतात? उजव्या हाताला, रस्त्याला लागून असलेल्या 'दगडी'त. तिथंच ग्रंथालय. निजामाच्या काळात ते धान्याचं कोठार होतं, मग शेती खात्याचं बियाणाचं गोदाम झालं, मग माळासकट विद्यापीठाच्या पदरात पडलं. काळ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, वर पत्रा, पत्र्याखाली लाकडी तक्तपोशी. आत पंखा लावला की पुरे. पोरं 'दगडीत बसतो' म्हणतात, ग्रंथालय कुणी म्हणत नाही.

तर ही दगडी पाडायची ठरली.

ठरली म्हणजे एकदम नाही. मोठी माणसं एकदम काही करत नाहीत, आधी अहवाल करतात. दगडीच्या जागेवर, रस्त्याच्या तोंडाशी, आठ मजली विद्यार्थी निवास उभं करायचं होतं, एका बिल्डरच्या भागीदारीत. त्यासाठी दोन अहवाल हवे होते. एक, विद्यार्थ्यांना राहायला जागा मिळत नाहीत आणि त्यांना फ्लॅटच हवेत असा. दुसरा, दगडी धोक्याची आहे असा. दुसरा पंधरा दिवसांत झाला. नांदेडहून सोमेश नावाचा तरुण इंजिनिअर आला, बाहेरून फोटो काढले, भिंतीवर थाप मारली, जुने नकाशे मागितले, ते मिळाले नाहीत, म्हणून त्यानं लिहिलं: 'भिंतींत आरपार बंध आढळत नाहीत. भूकंपप्रवण भाग. इमारत वापरास अयोग्य.'

पहिला अहवाल अर्थशास्त्राच्या पुनम मॅडमच्या गळ्यात पडला. पुनम नांदेडची, नुकतीच लागलेली, कामाला चोख. लातूर शहरात आणि आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांचा नि घरांच्या किमतीचा सर्व्हे करायचा होता. खेड्यातली माणसं अनोळखी पोरीला दारातूनच वाटेला लावतात. म्हणून कुणीतरी सुचवलं, गुरम्माला सोबत न्या, ती सगळ्यांना ओळखते. ते सुचवणाऱ्याला पुढं पश्चात्ताप झाला असेल.

पहिल्याच दिवशी लातूरजवळच्या एका खेड्यात दोघी सिद्धलिंग काकांच्या दारात उभ्या. काकांकडं चार खोल्या, चारी कॉलेजच्या पोरांना दिलेल्या. पुनमनं फॉर्म काढला.

"काका, भिंत कशाची? दगडी की विटांची?"

"विटाची! पक्की, सिमेंटाची!" काका छाती काढून म्हणाले.

गुरम्मानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सगळ्यात मोठ्या किल्लीनं भिंतीवर टकटक केलं. मग काकांकडं बघितलं.

"काका, वीट वाजती, दगड वाजत न्हाई. आन ही भिंत मला शिकवताव? शहाण्णव साली मी इथं उभी राहून तुमच्याकडून तिच्यात नऊ बंध घालून घेतले. तवा तुमी माझ्यावर कुत्रं सोडलं हुतं."

काका खो खो हसले. "आगं गुरम्मा! तू व्हय! म्हातारी झालीस की गं!"

"कुत्रं मेलं का?"

"कवाच!"

पुनमला काही कळेना. चहा झाल्यावर गुरम्मानं तिला सांगितलं. गुरम्मा मूळची किल्लारीची, दिली शिरूर अनंतपाळला. भूकंप झाला तेव्हा ती वीस वर्षांची, सासरी होती म्हणून वाचली. पुढं सरकारनं पडक्या गावांना नवी घरं दिली, आणि जी गावं उभी राहिली होती तिथली दगडी घरं मजबूत करायची योजना काढली. त्यासाठी गावोगावच्या बायांना शिकवून तयार केलं. गुरम्मा त्यातली. चार वर्षं ती डोक्यावर पदर आणि हातात पहार घेऊन हिंडली. लोकांना एकच गोष्ट समजावायची. दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मधे नुसता भराव. दोन्हींना धरून ठेवणारा लांब दगड अधूनमधून आरपार घालावा लागतो. तो नसला की जमीन हलल्यावर दोन्ही भिंती एकमेकींचा हात सोडतात. मग उभ्या भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार छिद्र पाडायचं, आत सळईचा आकडा घालायचा, काँक्रीट ठासून भरायचं. झाला बंध. छतावरची हातभर माती उतरवायची आणि हलकं छप्पर घालायचं. बास, एवढंच.

"मग काका विटांची का म्हणाले?" पुनमनं विचारलं.

"मॅडम, भूकंपापास्नं या मुलखात दगडाचं नाव बदनाम झालं. पोरीचा बाप पहिला सवाल काय करतो? घर स्लॅबचं हाय का? बँकवाला बी तेच विचारतो. मंग लोक पुढून गिलावा मारतेत अन् बोंबलतेत, पक्कं हाय, पक्कं हाय. तुमच्या कागदावर काय लिवलंय दगडासमोर?"

पुनमनं फॉर्म बघितला. 'दगडी: कच्चे.'

"घ्या! मंग लोक खरं कामून सांगतील?"

तिथून पुढं गुरम्मा किल्लीनं भिंत वाजवायची आणि पुनम खरं ते लिहायची. चाकूरला, किल्लारीला, लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत, दोन महिने दोघी हिंडल्या. गुरम्मानं मॅडमला फॉर्मवर पेन्सिलीनं दोन रकाने वाढवायला लावले. कूलर लागतो का? आणि खोली वर्षात किती दिवस रिकामी राहिली? पुनम म्हणाली, असं मधेच फॉर्म बदलता येत नाही. गुरम्मा म्हणाली, मग मधेच येडं काम करता येतं का? रकाने वाढले.

आणि त्या दोन रकान्यांनी सगळं चित्र पालटलं. ज्या खोल्या मालक 'विटांच्या' म्हणून सांगत होते आणि किल्ली 'दगडाच्या' म्हणत होती, त्या कधी रिकाम्याच राहत नव्हत्या. कारण साधं होतं. स्लॅबखालच्या खोलीत मार्चपासून कूलर लागतो, कूलरला रोज दोन बादल्या पाणी लागतं, आणि लातुरात नळाला पाणी आठवड्यानं येतं. पोरं काही अडाणी नाहीत. सीनियर पोरं जाताना ज्युनियरला कानात सांगून जातात, 'ती जाड भिंतीची खोली धर.' हे बाजाराला ठाऊक होतं, मालकांना ठाऊक होतं, फक्त अहवालांना ठाऊक नव्हतं.

सर्व्हे संपत आला आणि दगडीच्या दारावर नोटीस लागली. 'इमारत धोकादायक. पुस्तके हलविण्यात येतील.' गुरम्मानं ती वाचली, शांतपणे काढली, घडी केली आणि कुलसचिवांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"ही चुकून आमच्या दारावर लागली हुती साहेब."

"चुकून नाही, गुरम्माबाई. सोमवारी समितीची बैठक आहे, तिथंच, दगडीत. तुम्हीही या. तुम्ही किल्लारीच्या. तुमचं माहेर दगडाखाली गेलं. समितीसमोर तुम्हीच दोन शब्द सांगा, दगड किती वाईट ते. लोक ऐकतील."

असा राग आला तिला! पण ती एवढंच म्हणाली, "येते की. सांगते की."

सोमवारी वाचनालयातलं लांब टेबल मोकळं केलं. कुलसचिव, समितीची चार माणसं, सोमेश इंजिनिअर, पुनम. पुनमनं आपले आकडे वाचून दाखवले. पोरांना फ्लॅट नकोत, गार खोली हवी, हे ऐकून कुलसचिवांचं तोंड कडू झालं. ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण जिवापेक्षा गारवा मोठा आहे का? गुरम्माबाई, सांगा तुम्ही."

गुरम्मा उठली. पदर खोचला.

"माझा बाप गुरुपादप्पा आन धाकटी भईन अंजू, दोघंबी भितीखाली गेले. खरं हाय. ती भित माझ्या बापानं सोताच्या हातानं बांधली हुती. गवंड्यानं सांगितलं हुतं, अप्पा, अधूनमधून लांब दगड आरपार घाला. लांब दगड घडवायला वेळ लागतो. पेरणी तोंडावर आली हुती. बापानं घातला न्हाई. हे माझी आय मरेपर्यंत सांगत हुती. दगडानं न्हाई मारलं माझ्या भईनीला, कसुरीनं मारलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमी दगडावर खापर फोडून राहिलेत."

सोमेश म्हणाला, "बाई, मी तेच लिहिलंय. या भिंतीतही आरपार बंध नाहीत."

"हायेत. तेवीस हायेत. सत्त्याण्णव साली इथं बियाणाचं गोदाम हुतं. तवा आमीच घातले. लांब भितीत आठ-आठ, आडव्यात चार, दाराच्या भितीत तीन. करा बेरीज."

"त्याचे कागद?"

"कागद भितीत हाय. उकरा."

कुलसचिव हसले. "आणि नाही निघाले तर?"

"तर पुस्तकं मी सोता उचलून देते. पर निगाले तर तुमची ती आठ मजली फाईल बंद करायची. समद्यांदेखत सांगा."

समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मान डोलावली, "बरोबर आहे. उकरून बघायला काय हरकत?" कुलसचिवांना 'नाही' म्हणता येईना. विद्यापीठाचा नेहमीचा गवंडी बोलावला, संगमेश त्याचं नाव. गुरम्मा दाराच्या भिंतीशी गेली, कोपर जमिनीवर टेकलं, दोन हात वर मोजले, कोपऱ्यापासून तीन हात बाजूला, आणि खडूनं फुली मारली.

"हितं."

संगमेशनं गिलावा फोडला. खाली काळा दगड निघाला. अख्खा, निबर, मूळचा दगड. बंध नाही, काँक्रीट नाही, काही नाही.

"अजून जरा बाजूला?" सोमेशनं विचारलं. त्याच्या आवाजात कीव होती, आणि कीव गुरम्माला शिवीपेक्षा जास्त लागते. तिनं दुसरी फुली मारली. तिथंही दगड. तिसरी. दगड. कुलसचिव खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला! गुरम्माबाई, वय झालं तुमचं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं कुठं लक्षात राहणार? चला, पुस्तकं बांधायला घ्या."

पुनम जवळ आली. "मावशी, जाऊ द्या. दुसरं गोदाम असेल ते."

"दुसरं कसं असंल? माझ्या हाताला कळत न्हाई का?"

तिला दोन घोट पाणी हवं होतं. माठ बाहेर, व्हरांड्यात. ती दाराकडं वळली, आणि दारातून बाहेर पाऊल टाकताना अडखळली. खरं तर अडखळायला तिथं काही नव्हतंच. सत्त्याण्णव साली त्या दारात चांगला वीतभर उंच उंबरा होता. काम सुरू करायच्या दिवशी तिनं त्याला विभूती नि कुंकू लावलं होतं, त्यावर नारळ फोडला होता. घमेलं घेऊन येता-जाता तो रोज पायाला लागायचा, आणि इतक्या वर्षांनी आज मनानं ती त्याच दारात होती म्हणून पाय आपोआप उचलला गेला.

ती तशीच थांबली.

"उंबरा कुठं गेला?"

"काय?" कुलसचिव म्हणाले.

"उंबरा, उंबरा! आवो इथं उंबरा हुता. संगमेश, सांग बरं, जुनी शहाबादी फरशी हुती की न्हाई इथं? तिच्यावर कोबा केला. मंग नॅकची माणसं तपासायला येणार म्हणून त्याच्यावर ही चकचकीत टाईल बसवली. उंबऱ्याच्या पार वर आली जमीन! उंबरा गिळला की रं या फरशीनं! मी मोजून राहिले नव्या जमिनीपास्नं, आन बंध घातले हुते जुन्या जमिनीपास्नं!"

अठरा वर्षं ती रोज त्या दारातून आत-बाहेर करत होती, आणि उंबरा नाही हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःच्या कपाळावर तिनं एक चापट मारली. मग परत भिंतीशी आली, पहिल्या फुलीपासून एक वीत खाली मोजली आणि फुली मारली.

"आता हाण."

संगमेशनं हाणलं. गिलावा पडला, आणि काळ्या दगडांच्या मधे थाळीएवढं करडं काँक्रीट दिसलं. सोमेश पटकन गुडघ्यावर बसला. छिन्नीनं कड कोरली, आत गंजलेल्या सळईचं वाकलेलं टोक लागलं. त्यानं बाहेर जाऊन तिथलाही गिलावा खरवडून बघितला. तिथंही तेच. आरपार.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" म्हातारे प्राध्यापक टाळी वाजवून म्हणाले.

दुसरा निघाला, तिसरा निघाला. दाराची भिंत झाली. सोमेश कपडे झटकत उठला. खरं सांगायचं तर पोरगा वाईट नव्हता. चेहरा पडला होता त्याचा. "बाई, माझं चुकलं. मी उकरून बघायला हवं होतं. तीन नमुने पुरेत, मी अहवाल बदलतो."

"न्हाई. तेवीसच्या तेवीस उकरा."

"अहो, कशाला?"

"उद्या तुमचंच कुणीतरी म्हणंल, तीन दाखवले, बाकीचे वीस कुणी बघितले? किल्लारीत बी बाहेरून समदी घरं चांगलीच दिसत हुती लेकरा."

दोन दिवस भिंती उकरणं चाललं. पोरं पुस्तकं तशीच ठेवून बघायला गोळा व्हायची. प्रत्येक बंध निघाला की गुरम्मा मोठ्यानं आकडा सांगायची आणि पोरं ओरडायची. अकरा! बारा! मंगळवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस झाले. बुधवारी दुपारी बावीस. उरला एकच, मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातला, जुन्या कपाटामागचा.

घामाघूम झालेला सोमेश म्हणाला, "झालं बाई. मी तेवीस लिहून टाकतो. ते कपाट कशाला हलवायचं?"

पुनम म्हणाली, "हो मावशी, पुरे आता. जिंकलात तुम्ही."

गुरम्मा कपाटाकडं बघत होती. तिला तो दिवस आठवला होता. तीस सप्टेंबर. भूकंपाला चार वर्षं झालेली. कामाचा शेवटचा दिवस आणि शेवटचा बंध. ती सकाळच्या जीपनं किल्लारीला गेली होती, बापाच्या नि अंजूच्या नावानं दिवा लावायला. दुसऱ्या दिवशी आली तर तो कोपरा गिलावा मारून तयार होता. तेव्हाचा गवंडी म्हणाला होता, 'झालं अक्का, ठासून भरलाय.' आणि तिनं कामाच्या वहीत खूण केली होती. न बघता.

आता गप्प बसली असती तर दगडी वाचलीच होती. सोमेश लिहायला तयार होता. कपाट जड होतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"कपाट हलवा," ती म्हणाली.

चार पोरांनी कपाट ओढलं. गुरम्मानं फुली मारली. संगमेशनं दोनच घाव घातले आणि हातोडा आत गेला. बोटभर सिमेंटचा पापुद्रा, आणि त्यामागं पोकळी. सळई नाही, काँक्रीट नाही. आत हात घातला तर भुसभुशीत मातीच हाताला आली.

कुलसचिव एवढ्या वेळात कुठून आले कुणास ठाऊक. ते पुढं झाले. "बघा! बघा सोमेश! म्हणजे भिंत धोक्याची आहे. मी काय म्हणत होतो? लिहा, बंध अपुरे!"

"थांबा साहेब," गुरम्मा म्हणाली. मग ती पोरांकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "ह्या बंधाची वहीतली खूण माझी हाय, आन ती खोटी हाय. त्या दिवशी मी हितं नव्हते. गवंडी म्हणला झालं, मी लिवलं झालं. बघितलं न्हाई. गावोगाव लोकांना शिव्या घालत हिंडले कसुरीच्या, आन सोताची कसूर झाकून ठेवली गिलाव्याखाली. माझ्या बापानं जे केलं तेच मी केलं." तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "चूक माझी हाय. दगडाची न्हाई. मला काय शिक्षा करायची ती करा. पर एक राह्यला म्हणून बावीस पाडायचे? एक राह्यला तर एक भरायचा!"

कुलसचिवांनी सोमेशकडं बघितलं. सोमेशनं पोकळीत बोटं घालून कडेचे दगड चाचपले. मग त्यानं हातातली फाईल पुनमकडं दिली आणि बाह्या वर सारल्या.

"सर, तांत्रिकदृष्ट्या बाईंचं बरोबर आहे. एक बंध अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाडायचं कारण मला दिसत नाही. तसंच लिहीन."

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"भिंतीच्या," सोमेश म्हणाला.

छिद्र मोठं केलं, आरपार नेलं. पलीकडून सोमेश, अलीकडून गुरम्मा. सळईचा आकडा तिनं स्वतः वाकवला, बावन्न वर्षांच्या हातांनी, गुडघ्यात धरून. खडी, वाळू, सिमेंट तिनं आपल्या डोळ्यांसमोर कालवून घेतलं. संगमेश म्हणाला, "अक्का, झालं, ठासून भरलं." ती म्हणाली, "तुझ्यावर भरवसा हाय बाबा, तरी बी बघते." आणि सळईनं खोचून बघितलं, एकदा अलीकडून, एकदा पलीकडं जाऊन.

सोमेशनं हात धुतले, पेन काढलं. "चला, आता तरी तेवीस लिहितो."

"बावीस लिहा."

"अहो, आत्ता भरला ना तुमच्यासमोर!"

"ओला हाय. सात दिवस पाणी मारल्याबिगर त्याला बंध म्हणत न्हाईत. आज बावीस लिहा. पुढच्या बुधवारी या, मंग बघू."

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या टाकीत पाणी नव्हतं, टँकर दोन दिवस उशिरा आला. गुरम्मा शिरूरहून रोज सकाळी पहिल्या बसनं पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन यायची. कंडक्टरनं विचारलं, "अक्का, विद्यापीठात प्यायला पाणी देत न्हाईत का?" ती म्हणाली, "माझं एक लेकरू हाय तिथं. तहानलेलं." दिवसातून तीनदा ती बंधावर पाणी मारायची, अलीकडून आणि पलीकडून.

बुधवारी सोमेश नांदेडहून आला. गुरम्मानं कमरेची मोठी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं वाजवून बघितलं, कान लावला, परत वाजवलं. मग तिच्यासमोर बावीस खोडून तेवीस लिहिलं, खाली सही केली. पुनमचे आकडे त्याला जोडले. समितीनं पाडकामाचा विषय एका ओळीत रद्द केला. कुलसचिवांनी त्यावर सही केली, नाइलाजानं केली, पण केली.

मग भिंती परत गिलावा मारून सारख्या करायचा हुकूम निघाला. संगमेश बावीस ठिकाणी गिलावा मारत मागच्या कोपऱ्यात आला, तर गुरम्मा तिथं भिंतीला पाठ लावून उभी.

"अक्का, जरा बाजूला व्हा. एवढा एक राहिलाय."

"ह्याच्यावर न्हाई मारायचा. हा उघडा राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, गुरम्मानं हितं न बघता खूण केली हुती."

कुलसचिवांनी दोनदा सांगून बघितलं, विद्रूप दिसतं म्हणून. ती हलली नाही. तो चौकोन अजून तसाच उघडा आहे. कपाट परत त्याच्या पुढं आलेलं नाही. पोरं आता एकमेकांना भेटायचं ठिकाण सांगताना 'तेविसाव्यापाशी ये' म्हणतात, आणि नव्या पोरानं विचारलं की तेविसावा म्हणजे काय, तर गुरम्मा स्वतः स्टुलावरून उठते आणि त्याला दाखवायला घेऊन जाते.